सोवळ्यातलं जाकीट

माझ्या नवऱ्याला मोटारसायकल कधीच आवडली नाही. चालवता येते, पण चालवताना त्याचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या माणसासारखा असतो. नोकरीत असेपर्यंत तो दौलतगंजातल्या आमच्या घरापासून ऑफिसला सायकलने जायचा आणि त्यात सुखी होता. निवृत्त झाल्यावर त्याने वडिलांची भिक्षुकी हातात घेतली, कारण ग्वाल्हेरच्या मराठी घरांना आपल्या पद्धतीने पूजा सांगणारं माणूस मिळेनासं झालं होतं. तोपर्यंत यजमान मंडळी दौलतगंज, नया बाजार सोडून थाटीपूर, मुरार, सिटी सेंटर अशी चहूकडे पांगली होती. सायकलने एवढं फिरणं होईना. म्हणून एक जुनी, हलकी मोटारसायकल घरात आली आणि तो नाइलाजाने तिच्यावर बसायला लागला.

रिक्षाने का जात नाही, असं लोक विचारतात. एरवी जातोच. पण गणेश चतुर्थीला सगळ्यांना दुपारच्या आतच गुरुजी हवे असतात, आणि त्या दिवशी तो एका घरातून दुसऱ्या घरात सोवळ्यातच जातो. रिक्षात कोण कुठून येऊन बसून गेलेलं असतं, ते सोवळ्यात बसत नाही. मी स्कूटी चालवते, चांगली चालवते, पण माझ्या मागे बसायचं म्हणजे मला शिवायचं. मोटारसायकलीला मात्र तो पहाटे बादलीभर पाणी मारतो आणि तेवढ्याने ती शुद्ध होते. मी शाळेत गणित शिकवत होते, त्यामुळे असल्या हिशेबात मला नेहमी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पण हे त्याचं खातं आहे आणि मी त्यात पडत नाही.

गेल्या वर्षी थंडीत, मुरारहून परत येताना, उतारावर एक कुत्रं आडवं आलं. कुत्रं पळून गेलं आणि हा उजव्या कोपरावर पडला. हाडात पट्टी घालावी लागली. टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हाथ बच गया। लेकिन इसी कोहनी पर दोबारा गिरे तो फिर सीधा नहीं होगा।" ते सहज बोलले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी ते वाक्य घरी घेऊन आले.

पूजेत डाव्या हाताला घंटा वाजवण्यापलीकडे काही काम नसतं. पाणी सोडायचं ते उजव्याने, फूल वाहायचं ते उजव्याने, आरती, प्रसाद, आशीर्वाद, सगळं उजव्याने. हात वाकडा राहिला तरी आमच्या लोकांनी त्याला बोलावलं असतं. नाहीतरी त्यांना दुसरं कोण आहे? पण तो गेला नसता. मंडळी समोर बसलेली असताना अर्ध्यावर अडकणारा हात घेऊन तो पाटावर बसला नसता, एवढं मी त्याला ओळखते.

हात बरा झाला, व्यायाम संपला, तरी तो घरीच बसला. गाडीवर आच्छादन घातलं आणि त्याच्या कडा दोरीने बांधल्या. कुणाचा फोन आला की "तब्येत जरा ढिली आहे" एवढंच सांगायचा. सुरुवातीला मला बरं वाटलं. मग त्याने घरात लक्ष घालायला सुरुवात केली. माझ्या कणकेत पाणी जास्त होतं, गॅस मोठा असतो, डब्यांची झाकणं नीट लागत नाहीत. मी ऐकून घेत होते. त्यानंतर मात्र त्याने बोलणंच कमी केलं, आणि ते मला जास्त जड गेलं. सकाळची स्वतःच्या देवांची पूजासुद्धा तो हलक्या आवाजात उरकायला लागला. पूर्वी त्याचा आवाज खालच्या दुकानदारांपर्यंत जायचा.

श्रावणात थाटीपूरच्या काकूंचा फोन आला. ह्या काकू एकट्या राहतात, मुलं बाहेरदेशी, आणि गणपतीची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो.

"गुरुजी, गणपतीला पण नाही येणार का तुम्ही? मग मी मोबाइलवर लावून घेईन पूजा. आता काय करणार."

"लावून घ्या काकू," तो म्हणाला. "चालतं तसं पण."

चालतं तसं पण. हे त्याच्या तोंडून ऐकून मी हातातलं काम ठेवलं.

"चतुर्थीला तुम्ही जाणार आहात," मी म्हटलं.

"मला नाही चलवायची आता गाडी. जबरदस्ती आहे का?"

"हो, आहे. मी पूर्ण तयारी करून देते, पण घरात बसून राहायचं नाही."

"तयारी मतलब?"

"मतलब जाकीट. पॅडवालं. मुलं घालतात ना, लांब जायला."

त्याने स्वतःच्या धोतराकडे बघितलं. मग म्हणाला, "धोतरावर?"

"धोतरावर."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला, म्हणून मी तेच होकार समजले.

मी आधी अभ्यास केला. माझी सवयच आहे. मोबाइलवर तरुण मुलं जाकिटं उलटीपालटी करून दाखवतात, ती मी दुपारभर बघत बसायची. खांदा, कोपर आणि पाठ ह्या तीन जागी आत खिसे असतात आणि त्यात पॅड घातलेले असतात, हे कळलं. पाठीच्या खिशात पुष्कळदा नुसता स्पंज सरकवून देतात, खरा पॅड वेगळा मागून घ्यावा लागतो, हेही कळलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जाकीट अंगाला घट्ट बसलं पाहिजे. सैल असलं तर पडताना बाही फिरते, पॅड एका बाजूला जातो आणि कोपर दुसऱ्या बाजूला. मला कोपराशीच मतलब होता.

दुकान इंदरगंजच्या चौकाजवळ होतं. भिंतीवर बर्फाचे डोंगर, त्यांच्यासमोर गाड्या, गाड्यांवर पाय टाकून उभे राहिलेले दाढीवाले. आम्ही दोघं आत शिरलो तेव्हा दुकानदाराला वाटलं आम्ही पत्ता विचारायला आलो आहोत. जाकीट म्हटल्यावर त्याने हौसेने विचारलं, "अंकल जी, कहाँ का प्लान है? लद्दाख?"

"नहीं," माझा नवरा म्हणाला. "सत्यनारायण।"

दुकानदार सज्जन होता, हसला नाही. त्याने आतून एक जाड, चकचकीत जाकीट आणलं आणि काउंटरवर पसरलं. "चमड़े से बढ़िया कुछ नहीं, अंकल।" माझ्या नवऱ्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि दाराकडे बघायला लागला. मी म्हटलं, कापडाचं दाखवा. कापडाचं आलं ते काळंकुट्ट. "काळं घालून मंगलकार्याला जाऊ का?" तो मला मराठीत म्हणाला. मग हिरव्या पट्ट्यांचं आलं, ते त्याने हातानेच बाजूला सारलं. शेवटी राखाडी सापडलं, बाह्यांवर बारीक जाळी, पाठीवर चमकणारी एक पट्टी. ग्वाल्हेरच्या उन्हात जाळी असलेली बरी, असं मीही वाचलं होतं.

आता मापावरून वाद सुरू झाला. आमच्याकडे कपडा वाढत्या अंगाचा घ्यायची पद्धत आहे आणि साठी उलटली तरी ती जात नाही. त्याला एक नंबर मोठं हवं होतं. "उपरणं आत राहायला नको का?" मी म्हटलं, उपरणं पिशवीत ठेवा. "मग सोवळं कसलं?" मी म्हटलं, उपरणं पातळ आणा. दुकानदार एकदा ह्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. शेवटी मी नवऱ्याला दुकानाबाहेर लावलेल्या कुणाच्या तरी गाडीवर बसवलं, हात हँडलला लावायला सांगितले आणि कोपरावर अंगठा दाबून बघितला. लहान मापात पॅड बरोबर हाडावर होता. मोठ्यात तो खाली घसरला होता. रस्त्यावरची माणसं बघत होती. तो खाली मान घालून बसला होता आणि हळूच म्हणाला, "झालं का? उतरू?"

लहान माप घेतलं. पाठीचा खरा पॅड मी मागून घेतला. निघताना दुकानदाराने सांगितलं, "धोना हो तो पैड पहले निकाल लीजिएगा, उन पर पानी नहीं लगना चाहिए।" मी मान हलवली. माझ्या नवऱ्याने हे माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकलं होतं, पण ते मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

थंडीत जिथे मेळा भरतो त्या मैदानाकडचे रस्ते सकाळी मोकळे असतात. तिथे त्याचा सराव सुरू झाला. तो पुढे गाडीवर, जाकीट आणि हेल्मेट घालून, आणि मी मागे स्कूटीवर. हेल्मेटला त्याने कधी हरकत घेतली नाही. शास्त्रात त्याच्याबद्दल काही नाही, आणि चौकात पोलीस पावती फाडतात. पहिल्या दिवशी तो इतका हळू चालला की फिरायला आलेले लोक पुढे निघून जात होते. कुत्रं दिसलं की थांबायचा आणि ते दिसेनासं होईपर्यंत थांबून राहायचा. मी मागे थांबायची.

हळूहळू तो सैलावला. एक दिवस मी उठायच्या आत जाकीट घालून सब्जी आणायला गेला आणि दुधी घेऊन आला. सब्जीवाल्याने विचारलं म्हणे, "गुरुजी, कहाँ की चढ़ाई है?" हे त्याने मला दोनदा सांगितलं. मग काकूंना स्वतःहून फोन करून चतुर्थीला येतो म्हणाला. सकाळच्या पूजेत त्याचा आवाज वर चढायला लागला. मला मनातून फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी मला भीतीही वाटायला लागली. गाडी सोडून घरी सुखरूप बसलेल्या माणसाला मी परत गाडीवर बसवलं होतं. आता काही झालं असतं तर दोष कुत्र्याचा नसता. रात्री मी हात लावून बघायची, जाकीट खुंटीला आहे ना, कोपराचे पॅड जागेवर आहेत ना. ते असायचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याने जाकीट धुतलं. सोवळ्यावर घालायचं तर तेही सोवळ्यातलं हवं, हे ओघानेच आलं. गच्चीत उंच तारेवर, कुणाचा हात लागणार नाही असं, काठीने ते वाळत घातलं. आमच्या घरी सोवळ्याची वस्त्रं अशीच वाळतात, म्हणजे त्या रात्री मलाही त्याला हात लावायचा नव्हता. पीतांबराशेजारी दोन्ही बाह्या पसरून ते राखाडी जाकीट लोंबत होतं. मी खालून बघितलं आणि मला गंमत वाटली. पूर्वी मी असलं सोवळं-ओवळं बघून चिडायची, पण त्या दिवशी मला वाटलं, त्याने हे जाकीट आपलं केलं.

सकाळी घरच्या गणपतीची पूजा आटोपून तो निघाला. पीतांबर, उपरणं, वर जाकीट, वर हेल्मेट. मला शिवता येत नव्हतं, म्हणून मी लांब उभी राहून सांगितलं, "चेन पूर्ण वर घ्या." त्याने घेतली. खाली दोन-तीन दुकानदारांनी नमस्कार केला. गाडी गेली.

त्या दिवशी मी मोदक केले, वळताना पाकळ्या फाटल्या, परत केले. दुपारी काकूंचा फोन आला, गुरुजी वेळेवर आले, पूजा छान झाली, जाकीट बघून शेजारची पोरं गोळा झाली होती. मी विचारलं, निघाले का तिथून. "निघाले ना, कधीचे," त्या म्हणाल्या. त्यानंतर ऊन कलेपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं.

तो आला तो नारळांनी भरलेली पिशवी घेऊन, घामाघूम आणि खूश. सोवळं सोडलं, जेवायला बसला, मोदक मागून घेतले. कुठल्या घरी किती माणसं होती, कुणाच्या नातवाला अथर्वशीर्ष येतं, मुरारला रस्ता अडवला होता तर तो गल्लीतून कसा निघाला, हे सगळं सांगितलं. सांगता सांगता उजवा हात असा फिरवत होता की मी त्या हाताकडेच बघत होते. मग तो आडवा झाला.

मी जाकीट उचललं खुंटीला लावायला. हलकं लागलं. कोपर दाबलं तर ते दबलं.

आतल्या खिशात हात घातला. पंचा निघाला, धुतलेला, नीट चौकोनी घडी घातलेला. दुसऱ्या बाहीतही पंचा. खांद्यांत जुन्या धोतराच्या पट्ट्या. पाठीत घडी केलेलं उपरणं. सगळं स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं, त्याच्या हातचं काम दिसत होतं. पॅड कपाटावर पिशवीत सापडले.

मी ते सगळं आणून त्याच्या पलंगावर ठेवलं. तो जागाच होता. उठून बसला.

"हे काय आहे?"

"अगं, पॅड धुता येत नाहीत ना. तो दुकानवालाच बोलला, पानी नको लागायला. मग सोवळ्यात कसे चालतील? पत्ता नाही कशाचे बनवले आहेत ते. रबर आहे की काय आहे."

"मग पंचे?"

"खिसे रिकामे नको म्हणून." तो मला नीट समजावून सांगायला लागला, जसं यजमानांना सांगतो. "पूजेत दागिना नसला तर आपण काय करतो? अक्षता वाहतो. वस्त्र नसलं तर अक्षता. भाव असला पाहिजे. देव मानून घेतो ना."

त्याला हे खरंच पटलेलं होतं. लबाडी नव्हती त्यात. मी जाकीट घालायची अट घातली होती आणि त्याने जाकीट घातलं होतं, खिशात पॅड पाहिजे होते तर पॅडच्या जागी काहीतरी भक्तिभावाने ठेवलं होतं. सबंध शहरभर, सगळ्या घरांतून, तो उजव्या कोपरावर एक पंचा बांधून फिरून आला होता.

"देव मानून घेतो," मी म्हटलं. "रस्ता नाही मानून घेत. आणि मी पण नाही."

"झगडा कशाला करतेस सणाच्या दिवशी? आलो ना मी व्यवस्थित."

"अहो, तुम्हाला गाडीवर परत मी बसवलं आहे. तुम्ही नाही म्हणत होतात. आता तुम्ही पडलात, हात गेला, तर तुम्ही बसाल तिकडे खिडकीत, काही न बोलता. आणि मी रोज ते बघीन. मला भीती वाटते. सकाळपासून मला दुसरं काही सुचलेलं नाही."

माझा आवाज चढला नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला कधी भीती वाटते असं सांगितलं नव्हतं. तो पंच्याची घडी उलगडायला लागला, मग परत घालायला लागला.

"पण उद्या उत्तरपूजा आहेत," तो म्हणाला. "दीड दिवसवाल्यांकडे. उद्या पण सोवळ्यातच जायचं आहे. मग पॅडचं काय करू? तूच सांग."

"तुमचा देव एवढा समजूतदार आहे ना," मी म्हटलं. "दागिन्याच्या जागी अक्षता चालतात त्याला. मग त्याला सांगा, एवढा पॅड पण मानून घे. तो घेईल. मला सांगू नका, मी घेणार नाही."

मी पॅड तिथेच ठेवून आत गेले. संध्याकाळी आरतीला आम्ही दोघं शेजारी उभे होतो. मी मोदकाची उरलेली उकड खाऊन टाकली आणि झोपले.

सकाळी तो माझ्याआधी उठलेला होता. देवासमोर ताम्हनात पॅड मांडलेले होते. त्याने तुळशीच्या पानाने त्यांच्यावर पाणी शिंपडलं, अगदी थोडं, भिजणार नाहीत इतपत, आणि काहीतरी पुटपुटला. कुठला मंत्र होता मी विचारलं नाही. असा मंत्र असेल असं मला वाटत नाही. मग त्याने एकेक पॅड उचलून जाकिटात बसवला, पाठीचा सगळ्यात शेवटी, आणि सरळ बसला आहे ना हे हात फिरवून बघितलं.

पीतांबर नेसून, जाकीट चढवून, चेन पूर्ण वर घेऊन तो दाराशी आला. मी नेहमीसारखी लांब उभी राहिले, कारण शिवायचं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग उजवं कोपर उचललं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं, मला ऐकू येईल असं. टक्क आवाज झाला. त्याने परत एकदा आपटलं. मग डावंही वाजवून दाखवलं आणि जिना उतरला.